पिसावरची रेघ

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या ग्रेडरसाहेबांनी नापास केली नाही अशी एकही वस्तू दारव्ह्यात शिल्लक नाही. आणि असलीच, तर ती अजून त्यांच्या चिमटीत सापडलेली नाही, इतकाच त्याचा अर्थ. कापसाचे ग्रेडर म्हणून त्यांनी उभी हयात काढली. गाडीतल्या कापसाची चिमूट घ्यायची, दोन्ही अंगठ्यांनी ओढून त्याचा धागा लांब करायचा, तो उजेडासमोर धरून डोळे बारीक करायचे आणि समोरच्या माणसाच्या तोंडाकडे अजिबात न बघता 'दोन नंबर' म्हणायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं त्यांच्याकडून शिक्का घेतला, खुर्ची घेतली, कपाटाच्या चाव्या घेतल्या. चिमूट तेवढी काढून घ्यायची राहिली. ती चिमूट घेऊन ते घरी आले आणि तेव्हापासून गावाला आराम नाही.

माझी पिठाची चक्की आहे. समोरच राहतात म्हटल्यावर दळण माझ्याकडेच येतं. डबा परत न्यायला आले की ते झाकण उघडतात, अंगठा आणि तर्जनीत पीठ घेतात, चोळतात, उजेडासमोर धरतात. मग म्हणतात, "वहिनी, जाड हाये." बारीक दळलं तर म्हणतात, "वहिनी, जळलं हाये." या माणसानं बारा-तेरा वर्षांत माझं पीठ एकदाही पास केलेलं नाही, आणि दळायला एकदाही दुसऱ्या चक्कीवर गेलेला नाही. एका लग्नात मी त्यांना बुंदीच्या लाडवांच्या परातीसमोर उभं पाहिलं. एक लाडू ढिगाच्या वरून घेतला, एक मधून आणि एक पार बुडातून. वाढणारा वैतागून म्हणाला, "साहेब, सारे एकाच कढईतले हायेत जी." हे म्हणाले, "गाडीवालेही असंच सांगत. नमुना तीन ठिकानचा घ्या लागते." बुडातला लाडू निघाल्यावर ढीग कोसळला आणि दहा-पंधरा लाडू मांडवभर गडगडले. ग्रेडरसाहेबांनी कोसळलेल्या ढिगाकडे पाहून निकाल दिला, "पाक कच्चा होता, म्हनूनच."

त्यांच्या सचोटीच्या गोष्टी गावात अजून सांगितल्या जातात, आणि सांगणाऱ्यांत कौतुक करणारे फार थोडे असतात. खुद्द सासऱ्यांची कापसाची गाडी केंद्रावर आली, तेव्हा यांनी वरून, मधून, बुडातून नमुना घेतला आणि म्हणाले, "मामा, ओलावा हाये. दोन नंबर." सासरे त्यानंतर कितीतरी वर्षं जावयाशी बोलले नाहीत. शेवटी बोलले तेव्हा पहिलं वाक्य होतं, "ओलावा खरंच होता." ही गोष्ट मला ग्रेडरसाहेबांच्या बायकोनं सांगितली. ती सध्या पुण्याला मुलाकडे असते. नातू सांभाळायला दोन महिन्यांसाठी गेली, त्याला दोन वर्षं झाली. हेही एकदा जाऊन आले. महिनाभराची बॅग भरून गेलेला माणूस चौथ्या दिवशी दारात. मी विचारलं, "कसं हाये पुणं?" म्हणाले, "ओलावा जास्त हाये."

तर अशा माणसाच्या दारात गेल्या वर्षी ऐन मे महिन्यात, भर दुपारी एक पोपट पडला. पडलाच, पोपट उतरतो तसा उतरला नाही. मागं दोन कावळे होते. कोणीतरी हौशीनं पाळलेला, पळून जाऊ नये म्हणून दोन्ही पंख कात्रीनं कापलेला, आणि तरीही पळालेला असा तो नर होता. गळ्याभोवती गुलाबी-काळी कंठी, बाकी अंगावर पाहण्यासारखं काही नाही. ग्रेडरसाहेबांनी पायरीवरून त्याला पंच्यात उचललं. त्यानं त्यांचा अंगठा फोडला. तोच अंगठा, ज्यानं हजारो गाड्या नापास केल्या. दारव्ह्यातल्या पुष्कळ लोकांना जे आयुष्यभर करावंसं वाटलं ते त्या पाखरानं पहिल्या मिनिटात केलं. ग्रेडरसाहेबांनी अंगठा धोतराला पुसला, पाखराला वरून, मधून, बुडातून पाहिलं आणि म्हणाले, "कंठी एक नंबर. बाकी सारं नापास."

मी त्यांना तिथंच सांगितलं की देशी पोपट घरात ठेवणं कायद्यात बसत नाही. हे वाक्य त्या माणसाच्या जिव्हारी लागलं. ते ताबडतोब त्याला टोपलीत घालून सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथले तरुण डॉक्टर दिवसभर म्हशींच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारे. एवढ्याशा पेशंटसाठी त्यांनी आधी हात कोरडे केले. त्यांनी सांगितलं की कापलेलं पीस पुढं वाढत नसतं. बुंधा तसाच राहतो. पावसाळ्यात पाखराची पिसं झडतात, तेव्हा तो बुंधा गळेल आणि त्या जागी नवं पीस येईल. तोवर याला उडता येणार नाही. डॉक्टरांनीच फोन केला, मग वनरक्षक येऊन पाहून गेला. त्यानं पाखराचा फोटो काढला, ग्रेडरसाहेबांचा काढला आणि म्हणाला, "पंख येतपर्यंत राहू द्या तुमच्यापाशी, काका. पंख आले का सोडा. ठेवून घेता येत नाई." ग्रेडरसाहेब म्हणाले, "मी कायले ठेवतो? तो ॲडमिट हाये."

त्या दिवसापासून त्या पाखराचं नाव 'पेशंट'. मिठू वगैरे नाव ठेवू दिलं नाही कोणाला. "नाव ठेवलं का घरचं होते," असं त्यांचं म्हणणं. पिंजराही आणला नाही. समोरच्या खोलीत कपडे वाळवायची वलणी होती ती पेशंटला दिली आणि स्वतःचे कपडे माझ्या गच्चीवर आणून टाकायला सुरुवात केली. खोलीतला पंखा भर मे महिन्यात बंद, कारण पेशंट चुकून उडालाच तर. ज्याला उडता येत नाही त्याच्यासाठी पंखा बंद ठेवून हा माणूस घामानं निथळत बसायचा, आणि पुण्याला ओलावा जास्त म्हणे.

पुढं जे सुरू झालं त्याला मी आजार म्हणते. ते अभ्यास म्हणत. कापूस गेला तो गेला, पण देवानं त्यांच्या हातात पुन्हा एकदा ग्रेड करण्याजोगी मऊ वस्तू दिली होती. "वहिनी, पाखराचं सारं पिसात हाये," ते चक्कीच्या दारात उभं राहून ओरडून सांगायचे, कारण पट्ट्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. "पिसं म्हन्जे त्याचा स्वेटर, त्याची छत्री, त्याची सायकल!" रांगेतल्या बायका डबे खाली ठेवून ऐकायच्या. पेशंट पिसं फुलवून गोळा झाला की त्याला थंडी तरी वाजतेय किंवा तो आजारी तरी आहे. शेपटाच्या मुळाशी तेलाची बारीक गाठ असते, तिथं चोच घासून तो एकेक पीस विंचरतो. ज्या दिवशी विंचरलं नाही त्या दिवशी समजावं की काहीतरी बिनसलं आहे. पिसांना पाणी लागतं. त्यासाठी त्यांनी सलूनवाल्याकडून पाणी फवारायची बाटली मागून आणली आणि दर दोन दिवसांनी सकाळी पेशंटच्या अंगावर तुषार उडवत उभे राहायचे. स्वतःच्या आंघोळीला तांब्याभर पाणी पुरतं म्हणणारा माणूस. सलूनवाला महिनाभर गिऱ्हाइकांचे केस वाटीतल्या पाण्यानं ओले करत होता.

गळालेलं प्रत्येक पीस खाकी पाकिटात. पाकिटावर तारीख, डावा की उजवा, कितवं. धाग्याची लांबी मोजायची त्यांची जुनी छोटी पट्टी होती, तिनं पिसं मोजली जात. मग उजेडासमोर धरणं, मग निकाल. निकाल अर्थातच नापास, कारण सगळी कापलेलीच होती. आणि आषाढात एकदम जास्त पिसं गळायला लागली तेव्हा हाच माणूस, ज्याला डॉक्टरांनी पावसाळ्यात असं होणार म्हणून स्वच्छ सांगितलं होतं, अनवाणी रस्ता ओलांडून चक्कीत आला. "वहिनी, पेशंट झडून राह्यला!"

"झडू द्या ना. झडतीन तवाच तर नवे येतीन."

"पन किती वो झडते!"

"तुमचे केस गेले तवा कोनी आलतं काय धावत?" मी म्हटलं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, जरा विचार केला आणि परत गेले.

नवं पीस येताना ते पांढऱ्या नळीत गुंडाळलेलं येतं. साळिंदराच्या काट्यांसारखे ते काटे पेशंटच्या अंगभर उगवले आणि तो इतका वाईट दिसायला लागला की मला पहिल्यांदा ग्रेडरसाहेबांचा निकाल पटला. नळी भरत असते तोवर तिच्यात रक्त असतं. तिला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आयुष्यभर ज्यानं समोर आलेल्या ढिगातून नमुना घेतला, त्याला हात लावायचा नाही म्हणजे काय? त्यांनी लावला. नुसतं पाहायला, भरण कशी आहे म्हणून. वरचा काटा चिमटीत धरला, मधला धरला, आणि बुडातला धरला तेव्हा पेशंटनं अंग झटकलं आणि काटा मोडला.

ग्रेडरसाहेब पाखरू दोन्ही हातांत घेऊन आले. ओंजळीतून रक्ताचे थेंब माझ्या उंबऱ्यावर. एवढ्याशा जिवात रक्त असतं किती? दोन-तीन चमचे. त्यांच्या तोंडात "नमुना... नमुना घेतला वहिनी मी..." एवढंच. मी चक्की बंद केली, डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "घरात पीठ आहे का?" हा प्रश्न माझ्या चक्कीत उभं राहून ऐकायला मला गंमत वाटली, पण हसायची वेळ नव्हती. मी पाटीतून गव्हाच्या पिठाची चिमूट घेतली, मोडक्या काट्यावर दाबली आणि धरून ठेवली. पेशंट माझ्या मनगटाला चावत होता. चावतोय म्हणजे जिवंत आहे, इतकं मला कळत होतं. डॉक्टर फोनवरच होते. दहा मिनिटांनी रक्त थांबलं. मग ते स्वतः मोटारसायकलवर आले, मोडका बुंधा काढून टाकला, आणि त्या जागी नवं पीस येईल म्हणाले. फक्त वेळ लागेल. ग्रेडरसाहेब पिठाच्या पोत्यावर बसून होते. मी म्हटलं, "घ्या. माझं पीठ शेवटी कामी आलं ना? आता तरी पास म्हना." त्यांनी पाखराच्या पंखावरचं पीठ बोटाला लावलं. चोळलं. म्हणाले, "जाड हाये. म्हनून धरलं." आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

या प्रसंगानं त्यांचा माझ्यावर विश्वास बसला, ही माझी चूक नाही. पोळ्याच्या तोंडावर वणीला बहिणीच्या नातवाचं बारसं निघालं, तेव्हा तीन दिवस पेशंटला त्यांनी माझ्या स्वाधीन केलं. सोबत कागद दिला: सकाळी भिजवलेली चण्याची डाळ, दुपारी पेरू, संध्याकाळी ज्वारी, पाणी दोनदा बदलणे. मी म्हटलं, "माह्या पोरांनाही एवढं नाई भेटलं." पहिला दिवस मी कागदाबरहुकूम केला. दुसरा दिवस पोळ्याचा आदला. पुरणपोळीचं दळण घेऊन सगळं गाव माझ्या दारात. डबे रस्त्यापर्यंत लागले होते. सकाळी सहाला चक्की सुरू केली ती दिवेलागणीपर्यंत. त्या दिवशी पेशंटला कोणी काय घातलं, तर कोणी काही घातलं नाही. संध्याकाळी आठवलं तेव्हा समोरच्या घरी गेले, तो वलणीवर गोळा होऊन बसलेला. वाटीभर ज्वारी ठेवली, पाणी ठेवलं, घरी आले. पाखरू जिवंत, वाटी भरलेली, ग्रेडरसाहेब परतले, "सारं ठीक?" "सारं ठीक." विषय संपला असं मी समजले.

दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी मला हाक मारली. "वहिनी, जरा या." पेशंटच्या शेपटातलं नवं लांब पीस नळीतून बाहेर आलं होतं, निळसर हिरवं, खरंच देखणं. ग्रेडरसाहेबांच्या हातात भिंग. "हे पाहा." पिसाच्या मध्याखाली, केसाएवढी आडवी रेघ. तिथं रंग फिका पडलेला, जणू कोणी नखानं ओरखडा काढला आहे.

"काय हाये हे?"

"पीस वाढते, अन् तेवढ्यात पाखरू उपाशी राह्यलं का तेवढी जागा कमजोर येते. तिथं रेघ पडते. डॉक्टरले विचारलं मी." मग त्यांनी पट्टी लावली. "रोजचं वाढनं मी मोजून ठेवलं हाये. पीस बुडातून वाढते, हे बूड आजचं. इथून मागं जा... हा मागचा रविवार... हा त्याच्या मागचा... अन् हे रेघ." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पोळ्याचा आदला दिवस. काय घातलं होतं?"

"ज्वारी," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. फक्त वेळ सांगितली नाही.

"कवा?"

मी पदरावरचं पीठ झटकलं.

"पीस खोटं बोलत नाई, वहिनी. मानूस बोलते."

बँकेचा साहेब, वीज मंडळाचा माणूस, चक्कीची तपासणी करणारे, सगळ्यांना मी आजवर पुरून उरले आहे. पोपटाच्या शेपटानं मला पकडलं. त्यावर ग्रेडरसाहेबांनी रागावावं, तर तेही नाही. त्यांनी वहीत लिहिलं: 'शेपटी, मधलं पीस. लांबी एक नंबर. रेघ आहे. दोन नंबर.' आणि त्यानंतर येणाऱ्याजाणाऱ्याला ते पीस दाखवून सांगायचे, "हे वहिनीची रेघ."

दिवाळीपर्यंत पेशंटच्या दोन्ही पंखांत पिसं भरली. वही रोज चालू. डाव्यातलं चौथं, एक नंबर. उजव्यातलं सातवं, एक नंबर. आयुष्यात एवढे एक नंबर त्या माणसानं कधी दिले नसतील. प्रत्येक वेळी चेहरा फुलायचा आणि लगेच उतरायचा. तेव्हा मला त्याचं कारण कळलं नाही. म्हणजे कळलं होतं, पण ते माझं काम नव्हतं. शेवटी एकच पीस राहिलं: उजव्या पंखातलं बुडाचं, ज्याचा काटा त्यांच्या चिमटीत मोडला होता. डॉक्टर रस्त्यात भेटले की विचारायचे, "काका, आलं का शेवटचं?" हे म्हणायचे, "कच्चं हाये अजून." तुळशीचं लग्न झालं. थंडी पडली. तुरीला शेंगा धरल्या. "कच्चं हाये."

एका दुपारी मी त्यांचा पिठाचा डबा द्यायला गेले. दार लोटलेलं होतं. आतून त्यांचा आवाज आला, "ये राजा, ये." मला वाटलं पुण्याहून नातू आला. दार ढकललं. पेशंट वलणीवरून सुटला, कपाटावर टेकला, तिथून पलीकडच्या माळ्यावर, माळ्यावरून खोलीला एक सफाईदार वळसा घालून थेट ग्रेडरसाहेबांच्या खांद्यावर. पंखाचा वारा माझ्या तोंडाला लागला. ते मला पाहून उभे राहिले. बाजूला वही उघडी होती. आजची तारीख, आणि पुढं त्यांच्या सुंदर अक्षरात: 'उजवा, शेवटचं पीस. अपक्व. दोन नंबर.'

मी डबा खाली ठेवला. कोणाच्या घरात काय चाललंय त्यात मी नाक खुपसत नाही. पण ज्यानं सासऱ्याची गाडी नापास केली, ज्यानं माझ्या एका दिवसाच्या चुकीची रेघ गावाला दाखवली, त्याच्या वहीतला हा शेरा वाचून मला राहवलं नाही.

"पीस खोटं बोलत नाई, साहेब," मी म्हटलं.

पुढचं वाक्य मी बोलले नाही. त्याची गरजही नव्हती. पेशंट त्यांच्या कानाची पाळी चोचीत घेऊन हळूच ओढत होता.

"थंडी हाये, वहिनी," ते म्हणाले. "बाहेर थंडी हाये."

"त्याच्या अंगावर स्वेटर हाये म्हने. छत्री हाये. सायकलही आली आता."

"तो गेला का..." एवढं बोलून त्यांनी वलणीकडे पाहिलं. बंद पंख्याकडे पाहिलं. मग खाली बसले, खिशातून पेन काढलं, 'अपक्व' आणि 'दोन' हे शब्द खोडले आणि वर 'एक' लिहिलं. आणि खोडलेल्या जागी सही केली, कारण खाडाखोड झाली की सही करावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, वनरक्षकाला फोन झाला. सोडायचं ठरलं माझ्या गच्चीवरून, कारण तिथून शेजारच्या कडुलिंबावरचा पोपटांचा थवा जवळ. ग्रेडरसाहेबांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं. पेशंटला हातावर घेऊन ते म्हणाले, "चला. डिस्चार्ज." पाखरानं आभार मानले नाहीत, मागं वळून पाहिलं नाही, डोक्यावरून एक फेरी वगैरे काही मारली नाही. सुटलं ते सरळ लिंबावर आणि तिथून थव्याबरोबर सोयाबीनच्या रिकाम्या रानांवरून निघून गेलं. डॉक्टर म्हणाले, "फर्स्ट क्लास उडाला!" ग्रेडरसाहेब जिना उतरून घरी गेले. संध्याकाळी दळण न्यायला आले तेव्हा त्यांनी डब्याचं झाकण उघडलंच नाही. डबा उचलला आणि गेले. बारा-तेरा वर्षांत मला माझ्या पिठाची पहिल्यांदा काळजी वाटली.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी माझ्या गच्चीवर यायला लागले. मी तिथं धान्य वाळवते, सांडलेली ज्वारी असते, थवा उतरतो. पहिले दोन महिने पेशंट खरंच यायचा. कठड्यावर हातभर अंतरावर बसायचा, आणि उन्हाच्या तिरिपेत शेपटातली माझी रेघ स्पष्ट दिसायची. "पेशंट हाये," ते म्हणायचे आणि खाली उतरायचे. एवढ्यानं त्यांचं काम व्हायचं. संक्रांतीनंतर तो दिसेनासा झाला. तरी हे यायचे. मी कामाच्या घाईत कुठल्याही पोपटाकडे बोट दाखवायची, "तो पाहा, तोच." ते चष्मा लावायचे, डोळे बारीक करायचे. "नापास. शेपटी आखूड." दुसऱ्या दिवशी, "नापास. रेघ नाई." सगळा उन्हाळा गावातले सगळे पोपट माझ्या गच्चीवर येऊन नापास होऊन गेले.

यंदाच्या आषाढात मी गच्ची झाडत होते. पन्हळीपाशी पाणी तुंबलं होतं. तिथं, कचऱ्यात, एक लांब निळसर हिरवं पीस. उचललं. मध्याखाली केसाएवढी आडवी रेघ.

झाडू तिथंच टाकून मी रस्ता ओलांडला. तेही अनवाणी, हे नंतर लक्षात आलं. ग्रेडरसाहेबांनी पीस घेतलं. पट्टी काढली, मोजलं. उजेडासमोर धरलं.

"झडलं," ते म्हणाले. "म्हन्जे वर्षभर होता. इथंच कुठं." मग थोड्या वेळानं, "आता नवीन आलं असंन. बिनरेघेचं."

"मंग बरंच झालं ना."

"बरंच झालं," ते म्हणाले. "आता वळखू नाई येनार." पीस त्यांनी मला परत दिलं. "तुमची रेघ हाये. तुमच्यापाशी राहू द्या."

ते पीस चक्कीत मी बटणाच्या बोर्डामागं खोचून ठेवलं आहे. पीठ बसून बसून पांढरं झालंय.

मला वाटलं, आता काही ते गच्चीवर येणार नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. मी ज्वारी गोळा करत होते. थवा उतरला होता. कठड्यावर एक पाखरू आमच्याकडे तिरपी मान करून बसलं होतं. सवयीनं मी बोट दाखवलं, "तो पाहा. तोच."

त्यांनी चष्मा खिशातच ठेवला.

"पास," ते म्हणाले.

आम्ही दोघं थवा उडेपर्यंत तिथं उभे होतो. त्या पाखराच्या गळ्याला कंठीसुद्धा नव्हती. मादी होती ती. मला इतक्या लांबूनही दिसलं. त्यांना दिसलं नसेल असं मी म्हणणार नाही.